झालरीचा बिनबाह्यांचा सुती टॉप



होळी झाली की आपल्या विणकामाच्या सुया डब्यात जातात, त्या थेट दिवाळीनंतर बाहेर निघतात. विणकाम म्हणजे थंडीचे काम, आणि विणलेले म्हणजे स्वेटर, टोपडे नाहीतर मफलर, अशी आपली समजूत. आता आपल्या कर्जत-खालापूरकडे थंडी ती किती? कशेळ्याला डोंगर जवळ, म्हणून पौष-माघात पहाटेपुरते अंगावर काहीतरी घ्यावे लागते. उन्हाळा मात्र फाल्गुनापासून मृगापर्यंत पुरून उरतो. चार महिने घामाने निथळायचे आणि विणायचे मात्र चार दिवसांच्या थंडीसाठी, हे गणित काही पटत नाही. दोरा बदलला की विणकाम उन्हाळ्याचेही होते.

या वेळचा नमुना कशेळ्याच्या एका वाचक भगिनीच्या पत्रावरून घेतला आहे. त्यांची मुलगी चौथीत आहे. तिला खांद्यावर झालर असलेला बिनबाह्यांचा टॉप हवा आहे. आईला विणता येते, मुलीने रंगही निवडून ठेवला आहे: पांढरा, आणि झालर निळी. चौदा एप्रिलला घालायचा आणि पुन्हा वैशाखी पौर्णिमेला घालायचा, असा तिचा बेत. अडले ते आजीपाशी. "पोरीच्या जातीनं दंड उघडे टाकून विहारात जायचं का?" एवढेच आजी म्हणाल्या आणि सुनेने हातातल्या सुया खाली ठेवल्या. पत्रात शेवटी लिहिले आहे, 'नमुना द्या, आणि सासूबाईंना काय सांगू तेही लिहा.'

नमुना सोपा आहे. सासूबाईंचे आधी पाहू.

आजीचे म्हणणे जुनाट म्हणून उडवून लावणे आम्हाला बरे वाटत नाही. अंगभर कपडा ही आपल्या बायकांना आयती मिळालेली गोष्ट नव्हे. आपल्याच जिल्ह्यात महाडला डिसेंबर १९२७ मध्ये परिषद भरली, तेव्हा जिल्ह्याचे नाव कुलाबा होते. त्या परिषदेत बाबासाहेबांनी स्त्रियांशी वेगळे बोलून लुगड्याचा विषय काढला. आखूड नेसलेले लुगडे, गळाभर आणि कोपरापर्यंत घातलेले जड, हलक्या धातूचे दागिने, ही सगळी लांबून जात ओळखू यावी अशी खूण झाली होती. ती खूण अंगावरून उतरवा, लुगडे घोट्यापर्यंत नेसा, कपडा फाटका असला तरी चालेल पण स्वच्छ असू द्या, असा त्यांच्या सांगण्याचा रोख होता. बाबासाहेबांच्या सहकाऱ्यांपैकी टिपणीस आणि चित्रे यांच्या घरच्या स्त्रियांनी तिथेच बायकांना नव्या पद्धतीने लुगडे नेसायला मदत केली. आल्या एका नेसणीने आणि घरी गेल्या दुसऱ्या नेसणीने. आज सत्तरीला आलेल्या आजीच्या आजीने कदाचित त्याच सुमारास पहिल्यांदा घोट्यापर्यंत लुगडे नेसले असेल. ज्या घरात अंगभर कपडा असा मिळवावा लागला, त्या घरातली म्हातारी बाई नातीच्या उघड्या दंडाला बिचकली तर त्यात नवल नाही. सुनेने हे आधी समजून घ्यावे आणि मग बोलावे.

पण बोलावे जरूर. महाडला जे सांगितले ते झाकून घ्या म्हणून नव्हे. आपण काय ल्यायचे आणि कसे ल्यायचे हे दुसरा ठरवत होता, ते थांबले पाहिजे म्हणून. कालपर्यंत गाव ठरवत होते, आता घरातली मोठी माणसे ठरवणार असतील तर मुलीच्या वाट्याला काय आले? दहा वर्षांची पोर घामोळ्यांनी बेजार आहे, तिला काखेत वारा लागावा असे वाटते, आणि थोडे नटावेसे वाटते. यात अब्रूचा प्रश्न कुठून आला? अब्रू दंडावर असती तर मुलग्यांनी गंजीफ्रॉकवर गावभर हिंडायची सोय राहिली नसती. विहारात वंदनेला बसताना पांढरा, स्वच्छ, नेटका कपडा असावा ही आपली रीत आहे. बाही किती इंच असावी याचा शीलात कुठेही उल्लेख नाही.

आणि आजीचे मनही राखता येते. ते काम झालरच करते. खांद्यावर दीड इंच रुंदीची, भरपूर चुण्यांची झालर आली की ती दंडाच्या वरच्या भागावर छत्रीसारखी पडते. खांदा उघडा दिसत नाही, काख मोकळी राहते, वारा खालून येतो. मुलीला झालर नटण्यासाठी हवी, आजीला झाकण्यासाठी हवी. दोघींचे भागते. टॉपचे माप घेताना आजींना शेजारी बसवावे आणि झालर किती रुंद करायची ते त्यांच्याकडून ठरवून घ्यावे. अर्धा इंच त्या वाढवतील, तेवढा वाढवावा.

आता दोरा. बाजारात लोकर म्हणून जे गुंडे मिळतात त्यातले बरेचसे अ‍ॅक्रिलिकचे, म्हणजे कृत्रिम धाग्याचे असतात. तो धागा घाम पीत नाही, उन्हाळ्यात अंगाला चिकटतो. आपल्याला विणकामाचा सुती दोरा हवा, चार पदरी जाडीचा. क्रोशाचा बारीक, पिळदार दोरा यासाठी घेऊ नये. तो रुमाल-तोरणांना छान, अंगात टोचतो. कर्जतला मनासारखा दोरा मिळाला नाही तर लोकलने कल्याण गाठावे. दहा वर्षांच्या मुलीला सगळा मिळून सुमारे २५० ग्रॅम लागेल: पांढरा २०० आणि झालरीला निळा ५०. सगळा पांढरा दोरा एकाच वेळी घ्यावा. पांढऱ्यातही छटा असतात आणि दुकानात दोन्ही गुंडे सारखे दिसले तरी उन्हात फरक कळतो. निळ्याची परीक्षा घरी करावी. वीतभर तुकडा ओला करून पांढऱ्या फडक्यात दाबून ठेवावा. डाग पडला तर निळ्या दोऱ्याची लड करून पाणी निवळ येईपर्यंत धुवावी, मगच विणायला घ्यावा.

लोकर विणणाऱ्या हाताला सुती दोरा सुरुवातीला अडाणी वाटतो. लोकरीत ताण असतो, ती ओढली तर परत येते. सुताला तो गुण नाही. सैल टाका सैलच राहतो, आणि कपडा स्वतःच्या वजनाने लांबीला उतरतो. म्हणून हात जरा घट्ट ठेवावा आणि नमुन्याचा तुकडा चुकवू नये. दहा नंबरच्या सुयांवर ३० टाक्यांचा चौकोन एक ओळ सुलट, एक ओळ उलट असा विणावा, धुवावा, वाळवावा आणि मगच मोजावा. चार इंचांत २४ टाके आणि ३२ ओळी यायला हव्यात. टाके कमी भरले तर अकरा नंबरच्या सुया घ्याव्यात, जास्त भरले तर नऊ नंबरच्या. घामाच्या हातांनी अ‍ॅल्युमिनियमच्या सुया पांढऱ्या दोऱ्यावर करडा डाग पाडतात. शेजारी ओला पंचा ठेवावा आणि गुंडा झाकणाच्या डब्यात ठेवावा. कशेळ्याच्या रस्त्यालगत घर असेल तर धुळीचे वेगळे सांगायला नको.

मुलीची छाती २६ इंच धरली आहे. टॉप २८ इंचांचा होईल, म्हणजे अंगाला न चिकटता सुटा राहील.

पाठीसाठी बारा नंबरच्या सुयांवर पांढऱ्या दोऱ्याने ८४ टाके घालावेत. पहिल्या ८ ओळी सगळ्या सुलट विणाव्यात. स्वेटरला घालतो तशी उलट-सुलटची आवळणारी पट्टी इथे नको. पोटाशी कपडा आवळला की वाऱ्याची वाट बंद होते. मग दहा नंबरच्या सुया घेऊन एक ओळ सुलट, एक ओळ उलट असे चालू ठेवावे. दर बाराव्या ओळीच्या सुमारास, सुलट बाजूला, जाळीची एक ओळ घ्यावी. ती अशी: पहिला टाका सुलट, मग दोरा सुईवर घेऊन पुढचे दोन टाके एकत्र सुलट, असे ४१ वेळा, शेवटचा टाका सुलट. टाके पुन्हा ८४ च राहतात. त्यानंतरची ओळ सरळ उलट. जाळी सुरुवातीपासून सात इंचांपर्यंतच करावी, वरचा भाग भरीव ठेवावा. मुली झपाट्याने वाढतात आणि छातीवर जाळी असली की पुढच्या वर्षी तिलाच संकोच वाटेल. आत शमीज घालायची आहेच, पण तरी.

सुरुवातीपासून १२ इंच झाले की मुंढा घ्यावा. पुढच्या दोन ओळींच्या सुरुवातीला ५-५ टाके बंद करावेत, म्हणजे ७४ उरतील. मग प्रत्येक सुलट ओळीत दोन्ही कडांना एकेक टाका कमी करावा, असे ६ वेळा, म्हणजे ६२ उरतील. आता सरळ विणत मुंढ्याच्या सुरुवातीपासून ४८ ओळी पूर्ण कराव्यात. ते सहा इंच झाले. मग १४ टाके खांद्याचे, मधले ३४ गळ्याचे, १४ दुसऱ्या खांद्याचे, असे सगळे बंद करावेत.

पुढचा भाग असाच, फक्त मुंढ्याच्या २४ ओळी झाल्या की गळा काढायचा. २३ टाके विणावेत, मधले १६ बंद करावेत, उरलेले २३ विणावेत. एकेक बाजू स्वतंत्र घ्यावी. गळ्याच्या कडेला आधी सलग ५ ओळींत एकेक टाका, मग एक ओळ सोडून एक असे ४ वेळा एकेक टाका कमी करावा. खांद्याला १४ उरतात. पाठीइतक्या ४८ ओळी झाल्या की बंद.

उजवा खांदा पूर्ण शिवावा. डावा मुंढ्याकडून फक्त ४ टाक्यांइतका शिवावा आणि गळ्याकडचे १० टाके मोकळे ठेवून तिथे दोन बटणे लावावीत. सुती गळा लोकरीसारखा ताणत नाही. पोरीचे डोके अडकले की ती हिसका मारते आणि पहिल्याच दिवशी शिवण उसवते. बटणांसाठी पुढच्या कडेला क्रोशाने दोन फासे करावेत. गळ्याभोवती बारा नंबरच्या सुयांवर पाठीचे ३४, दोन्ही बाजूंचे १८-१८ आणि पुढचे १६, असे ८६ टाके उचलून ४ ओळी सुलट विणाव्यात आणि अगदी सैल हाताने बंद कराव्यात.

शिवायला सुईत दोरा ओवताना आपण सगळ्याच जणी टोक ओठांत धरून ओले करतो. इतकी साधी सवय. पण याच गोष्टीपायी मुंबईच्या कापड गिरण्यांत आपल्या माणसांना साचेखात्यात पाऊल टाकू देत नसत. धोट्यातली कांडी संपली की नवी घालून दोऱ्याचे टोक धोट्याच्या भोकातून तोंडाने ओढून घ्यावे लागे. अस्पृश्याने तोंड लावलेला धोटा आपण कसा तोंडाला लावायचा, म्हणून सवर्ण विणकर अडून बसत. विणाईची मजुरी चांगली, आणि तीच बंद. आपल्या लोकांनी रिंग खात्यात सूत कातावे, त्या सुताचे कापड दुसऱ्यांनी विणावे. १९२८ च्या मोठ्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे रोखठोक मांडला. कशेळे काय, कर्जत काय, इथल्या कितीतरी घरांतून माणसे गिरणीत गेली. आपल्याही घरात कोणी गिरणी कामगार असतील तर ते कोणत्या खात्यात होते हे मुलीला जरूर सांगावे.

आता झालर. ही या टॉपची खरी मजा आहे आणि घाई केली तर इथेच बिघडते. मुंढ्याचे टाके कमी करणे जिथे संपले तिथून सुरुवात करायची, खांद्यावरून मागे जाऊन पाठीकडच्या त्याच जागेपर्यंत. ही ६८ ओळींची कड आहे. चार ओळींमागे तीन टाके या हिशेबाने निळ्या दोऱ्याने दहा नंबरच्या सुयांवर ५० टाके उचलावेत. शिवलेल्या खांद्याच्या दोन्ही बाजूंना २५-२५ आले की नाही ते मोजून पाहावे, नाहीतर झालर पुढे किंवा मागे झुकते. एक ओळ उलट विणावी. पुढच्या ओळीत प्रत्येक टाक्यात दोनदा विणावे, एकदा पुढून आणि एकदा मागून, म्हणजे ५० चे १०० होतात. चुण्या पडतात त्या या एका ओळीमुळे. काही जणी हौसेने तिप्पट करतात. सुताला वजन असते. तिप्पट झालर खांदा खाली ओढते आणि गळा तिरपा होतो. दुप्पट पुरे.

मग ८ ओळी एक उलट, एक सुलट, आणि प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला २ टाके बंद करत जावे. त्यामुळे झालरीची टोके काखेकडे निमुळती होतात, दाराला लावलेल्या पडद्यासारखी चौकोनी दिसत नाहीत. शेवटी ८४ टाके उरतील. त्यांवर २ ओळी सगळ्या सुलट विणून सैल बंद करावे. या दोन ओळी गाळू नयेत, त्यांच्याशिवाय झालरीची कड आत गुंडाळत राहते. आजींनी अर्धा इंच वाढवून मागितला असेल तर टाके बंद करणे संपल्यावर ४ ओळी सरळ घालाव्यात. दुसरी बाजू अशीच. बाजूच्या शिवणी घालाव्यात आणि मुंढ्याचा खालचा, झालर नसलेला भाग क्रोशाच्या साध्या टाक्याच्या एका ओळीने बांधून घ्यावा. दोरा संपून नवा जोडायचा झाला तर नेहमी कडेला जोडावा. लोकरीची टोके ओली करून चोळली की एकजीव होतात, सुताची होत नाहीत, आणि गाठ मधे आली तर ती अंगाला टोचते.

हे झाले घरच्या मुलीसाठी. पण विकण्यासाठी विणावे का, असेही काही भगिनी विचारतात. कर्जत-कशेळे रस्त्याला शेतघरे वाढली, शनिवार-रविवारी मुंबईची माणसे येतात, हातकाम पाहून थांबतात. त्यांना किंमत सांगण्याआधी एकदा हिशेब मांडून पाहावा. या टॉपमध्ये साधारण तेवीस हजार टाके आहेत. सरावलेला हात मिनिटाला वीस टाके घालतो असे धरले तर वीस तासांच्या आसपास नुसते विणणे, वर शिवण आणि बटणे. २४ तास धरा, म्हणजे आठ तासांचे तीन दिवस. महाराष्ट्रात २०२५-२६ सालासाठी रोजगार हमीची दिवसाची मजुरी ३१२ रुपये ठरली होती. तीन दिवसांचे झाले ९३६ रुपये. दोऱ्याचे पैसे वेगळे. मशीनवर विणलेला टॉप बाजारात याहून पुष्कळ स्वस्त मिळतो, तेव्हा गिऱ्हाईक तोंड वाकडे करणारच. करू द्यावे. दोऱ्याचे पैसे सुटले की झाले, फावल्या वेळातच तर विणले, असे म्हणून देऊन टाकू नये. खड्डे खणायला गेलेल्या बाईचे तीन दिवस मोजले जातात, मग सुया घेऊन बसलेल्या बाईचे का मोजू नयेत? दर कमी करायचाच झाला तर जाळी गाळावी, झालर एकेरी करावी, काम कमी करून किंमत कमी करावी. आमचे मत विचाराल तर पहिले एक-दोन टॉप घरच्या मुलींना घालावेत आणि ते पाहून कोणी मागितले तर पूर्ण किमतीला विणावेत.

वैशाखी पौर्णिमेला पुष्कळ जण लेकराबाळांसह लेण्यांकडे जातात. कशेळ्याहून आंबिवलीची बौद्ध लेणी जवळ आहेत. तिथवर उन्हातून चालायचे असेल तर या टॉपवर एक पातळ ओढणी किंवा सुती टोपी पोरीला द्यावी, उघड्या दंडाला ऊन चटका देते. आजींना हेही आवर्जून सांगावे. त्यांच्या बोलण्यातले जे खरे आहे ते मान्य केले की उरलेले त्या आपणहून सोडतात.

धुताना एवढे सांभाळावे. थंड पाण्यात, साध्या साबणाने, दगडावर न आपटता. पिळू नये, पंचात गुंडाळून दाबावे. ओला टॉप दोरीवर टांगला तर संध्याकाळपर्यंत गुडघ्याला लागेल, म्हणून तो सावलीत खाटेवर पसरून, झालरीच्या चुण्या बोटांनी सारख्या करून वाळवावा. पुढच्या उन्हाळ्यात पोर वाढलेली असेल. तेव्हा खालच्या कडेचे ८४ टाके उचलून तळाशी दोन इंच वाढवता येतात. त्यासाठी उरलेला पांढरा दोरा आत्ताच डब्यात बंद करून ठेवू नये. त्याची छोटी लड बांधून दर वेळी टॉपबरोबरच धुवावी, म्हणजे दोन्हींचा रंग सारखाच उतरत जातो आणि वर्षभराने जोडलेला भाग ठिगळासारखा उठून दिसत नाही.